'दियामाँ न्वार' : हिऱ्यांचा बाजार, चुलत्याचं घर आणि बापाचा हात

निळीपाटी

आर्त्युर अरारीचा 'दियामाँ न्वार' हा २०१६ चा फ्रेंच सिनेमा परवा रात्री पाहिला. नावाचा अर्थ काळा हिरा. तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये, म्हणून हा धागा. कोणी पाहिलाय का? शेवट मी फोडणार नाही, तुम्हीही फोडू नका ही विनंती.

पियेर उल्मान हा पॅरिसमधला तरुण. पडेल ती बांधकामाची, रंगकामाची कामं करतो आणि राशीद नावाच्या माणसासाठी घरफोड्या करतो. राशीदच त्याचं घर, राशीदच बाप. खरा बाप कधीच दुरावलेला, आणि एक दिवस तो रस्त्यावर मेलेला सापडतो. हा बाप अँटवर्पच्या एका श्रीमंत हिरे व्यापारी घराण्यातला. तरुणपणी कारखान्यात त्याचा हात यंत्रात गेला आणि पुढे घराण्यानं त्याला बाहेर काढलं. पोरासाठी मागे पैसा नाही, घर नाही. आहे ती फक्त ही कहाणी. 'माझ्यावर अन्याय झाला' ही.

मग चुलतभाऊ गाबी त्याला अँटवर्पला बोलावतो, पेढीची कचेरी नव्यानं रंगवून-दुरुस्त करून द्यायला. पियेर जातो. राशीदनं बजावलेलं असतं की नुसतं बघून परत यायचं नाही, उचलण्याच्या नजरेनं बघायचं. आणि तिथे जोसेफकाका त्याला जेवायला बसवतो, घरात घेतो. हळूहळू पोराच्या हातात कच्चा हिरा येतो, आणि कळतं की याला दगड कळतो. रक्तातच आहे ते.

मला आत लागलं ते एवढंच, की पियेर बापासाठी रडत नाही. नील्स श्नायडरनं तो चेहरा असा ठेवलाय की तुम्ही वाट बघत राहता. (२०१७ चा उदयोन्मुख अभिनेत्याचा सेझार, हा फ्रेंच सिनेमाचा मोठा पुरस्कार, त्याला याच भूमिकेसाठी मिळाला.) तो रडायच्या ऐवजी बेत आखतो. शिडीवर उभा राहून भिंतीला रंग लावताना तिजोरीकडे बघतो.

माझे बाबा गेल्या मार्गशीर्षात गेले. पेठेतलं दुकान काकांनी कसं लिहून घेतलं ही गोष्ट त्यांनी आम्हाला तीस वर्षं सांगितली, दर दिवाळीला, त्याच शब्दांत. बाराव्याला काका दारात आले तेव्हा मला पहिल्यांदा आठवलं ते दुकान. बाबा नंतर आठवले. सिनेमा बघताना मी स्वतःला तिथे पाहिलं, म्हणून इथे लिहितेय. तुम्हाला काय वाटतं, पियेर सूड घेतोय की सुतक पाळतोय?

वाळवंटी_चाफा

पाहिलाय, पण मी दरोड्याचा सिनेमा म्हणून लावला होता आणि पहिला तास अस्वस्थ होत होतो की दरोडा कधी. अँटवर्प म्हटलं की २००३ ची चोरी आठवते. त्या फेब्रुवारीत शनिवार-रविवारच्या सुट्टीत डायमंड सेंटरच्या तळघरातली तिजोरी फोडून शंभराहून जास्त खण रिकामे केले. अंदाज दहा कोटी डॉलरचा. म्होरक्या लिओनार्दो नोतारबार्तोलो, इटालियन. त्यानं दोनेक वर्षं आधीपासून त्याच इमारतीत व्यापारी म्हणून गाळा भाड्यानं घेतला होता. रोज सगळ्यांना नमस्कार-चमत्कार करत आत-बाहेर करायचा. पकडले गेले ते महामार्गाच्या कडेला रानात टाकलेल्या कचऱ्यामुळे, त्यात अर्धवट खाल्लेलं सॅलामी सँडविचही होतं. दहा वर्षांची शिक्षा झाली. हिरे बहुतांशी मिळालेच नाहीत.

दुसऱ्यांदा पाहिला तेव्हा लक्षात आलं की पियेरही हेच करतोय. त्यानं भाड्यानं गाळा घेतलेला नाही, त्याच्याकडे आडनाव आहे एवढाच फरक. तिजोरीपर्यंत जायचा रस्ता ओळखीतूनच जातो, आणि घरच्या माणसाइतकी ओळख दुसऱ्या कोणाची? 'काका मला वाचवा' म्हणत धावणारा पुतण्या आपल्याला शाळेपासून पाठ. इथे पुतण्याच काकाच्या घरात दगा घेऊन शिरलाय, आणि काका त्याच्या ताटात वाढतोय. ते जेवणाचे प्रसंग मला चोरीच्या प्रसंगांहून जास्त भीतीदायक वाटले.

स्खेल्डेकाठ

धागा बघून राहवलं नाही. मी चौदा वर्षं अँटवर्पमध्ये राहतेय. आम्ही दोघं नोकरदार, धंद्याशी संबंध नाही, पण शेजार सगळा हिरेवाल्यांचा. वरच्या मजल्यावर पालनपुरी जैन कुटुंब, समोर एक ज्यू आजोबा जे पन्नास वर्षं दलाली करत होते. सिनेमातल्या त्या गल्ल्यांबद्दल थोडं सांगते, कारण जागा माहीत असली की गोष्ट वेगळी दिसते.

इथलं मध्यवर्ती स्टेशन म्हणजे राजवाडाच वाटावा असं आहे. त्याच्या कुशीत पेलिकानस्ट्राट, आणि मागे होवेनियर्सस्ट्राट, रेइफस्ट्राट, स्खुपस्ट्राट. दहा मिनिटांत पायी फिरून होईल एवढाच भाग. गाड्यांना बंदी, रस्त्यात वर-खाली होणारे लोखंडी खांब, कॅमेरे, पोलीस चौकी. सकाळी काळे कोट-टोप्या घातलेले सायकलवरून येतात, आपले गुजराती भाई हातात फोन धरून घाईत चालतात. बाहेरून एकही चकचकीत गोष्ट नाही. करडे दरवाजे. होवेनियर्सस्ट्राटवर पोर्तुगीज सिनेगॉग आहे, १९८१ च्या ऑक्टोबरमध्ये त्याच्याजवळ गाडीत बॉम्ब फुटला होता. आजोबा त्या दिवसाबद्दल फार बोलत नाहीत. युद्धाच्या काळाबद्दल तर अजिबातच नाही. १९४० मध्ये जे निसटले ते हिरे कपड्यांत शिवून इंग्लंड-क्युबापर्यंत गेले, जे राहिले त्यातले कितीतरी छावण्यांतून परतले नाहीत. परतलेल्यांनी पुन्हा बाजार मांडला.

इथे चार हिरेबाजार आहेत, म्हणजे ज्यांना बूर्स म्हणतात ते. सगळ्यात जुना १८९३ चा क्लब. उत्तरेकडच्या मोठ्या खिडक्या, लांब टेबलं. उत्तरेचा उजेड स्थिर असतो, त्यात दगडाचा रंग खोटं बोलत नाही. सौदा ठरला की हातात हात देऊन 'मझल उब्राखा' म्हणायचं, नशीब आणि आशीर्वाद असा त्याचा अर्थ. एकदा ते म्हटलं की संपलं. आजोबा म्हणतात की ज्यू, जैन, आर्मेनियन, लेबनानी, कोणीही असो, शब्द हाच.

आणि आता सिनेमाशी संबंध. दिलेला शब्द मोडला तर कोर्टात जायची पद्धत नाही, बूर्सचा स्वतःचा लवाद असतो. तिथे दोषी ठरलात आणि निवाडा पाळला नाहीत तर सदस्यत्व जातं आणि तुमचं नाव इतर बूर्सना कळवलं जातं. १९४७ पासून त्यांचा जागतिक महासंघ आहे, त्यामुळे अँटवर्पमध्ये नाव गेलं की तेल अवीव, न्यूयॉर्क, मुंबईतही गेलं. गावानं वाळीत टाकावं तसंच. म्हणून पियेरच्या बापाला 'घराण्यानं बाहेर काढलं' हे वाक्य मी ऐकलं तेव्हा अंगावर काटा आला. या धंद्यात घराणं हेच भांडवल. आडनाव असेल तर लाखो युरोंचा माल तुम्हाला एका कागदाच्या पुडीत घालून देतात. आडनाव काढून घेतलं की तुम्ही फक्त हिरे ओळखता येणारा, एक हात गमावलेला माणूस उरता.

हातमाग

स्खेल्डेकाठ ताई, फार छान लिहिलंत. ती पुडीची पद्धत आपल्याकडे 'जांगड' म्हणतात तीच ना? माल पसंतीवर न्यायचा, विकला तर पैसे, नाही तर परत. माझे मामा झवेरी बाजारात कारकुनी करायचे, त्यांच्या तोंडी हा शब्द कायम असायचा. मुंबईत ऑपेरा हाउसला पंचरत्न इमारतीच्या खाली फुटपाथवर दलाल उभे असत आणि वरच्या खिशातून पुडी काढून उघडत, ते मी लहानपणी पाहिलंय. २०१० मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलात भारत डायमंड बूर्स झालं आणि ती गर्दी हळूहळू तिकडे गेली.

आमच्या सांगोल्याच्या बैलबाजारात भाव रुमालाखाली बोटं धरून ठरतो. बघणाऱ्याला काही कळत नाही, ज्यांचे हात आहेत त्यांनाच कळतं. सिनेमातले हाताचे इतके जवळून घेतलेले प्रसंग बघून मला तो रुमाल आठवला.

उंबरठा_७

राशीदबद्दल कोणी बोललंच नाही. ती भूमिका करणारे अब्देल हाफेद बेनोतमान स्वतः दरोड्यांच्या गुन्ह्यात वर्षानुवर्षं तुरुंगात काढलेले आणि तिथेच लेखक झालेले. २०१५ मध्ये, सिनेमा लागायच्या आधीच ते गेले. म्हणजे पडद्यावर पियेरचा दुसरा बाप बघताना आपण गेलेल्याच माणसाला बघत असतो. हे कळल्यावर मी त्यांचे प्रसंग पुन्हा लावले. राशीद पियेरवर खरंच माया करतो, आणि त्याच मायेनं त्याला चोरीला लावतो. त्या माणसाच्या आवाजात दोन्ही एकदम आहे.

निळीपाटी, तुमच्या प्रश्नावर माझं मत असं की पियेरला सूड स्वतःचा वाटतच नाही. तो निरोप्या आहे. बापाचा निरोप घेऊन आलाय, आणि निरोप पोचवेपर्यंत रडायची त्याला मुभा नाही. अडचण अशी की ज्या घरात निरोप द्यायचाय ते घर त्याला आवडायला लागतं. गाबी वाईट माणूस नाही. आउगुस्ट डीलनं तो असा उभा केलाय की आपल्याला त्याची काळजी वाटते. तोही बापाच्या ओझ्याखालीच आहे, फक्त त्याचा बाप जिवंत आहे आणि समोर बसलाय.

आणखी एक, छायाचित्रण दिग्दर्शकाच्या सख्ख्या भावाचं, तोम अरारीचं. भावाभावांच्या हाडवैराचा सिनेमा दोन भावांनी मिळून केला हे मला फार बरं वाटलं. २०२३ ला कान चित्रपट महोत्सवात सर्वोच्च पुरस्कार मिळवणाऱ्या आणि पुढे पटकथेचं ऑस्कर जिंकणाऱ्या 'अनातोमी द्युन शूत'चा सहलेखकही हाच आर्त्युर अरारी. तिथेही एक मृत्यू, एक घर, आणि कोणाची गोष्ट खरी धरायची हाच पेच.

वाळवंटी_चाफा

निरोप्या! बरोबर शब्द. पण मग मला एक सांगा, बापानं सांगितलेलं सगळं खरंच होतं हे पियेरनं कधी तपासलं? आपल्याकडे भाऊबंदकीचे खटले तीन-तीन पिढ्या चालतात. नातवाला विचारलं तर भांडण कोणत्या बांधावरून सुरू झालं ते सांगता येत नाही, पण चुलत घरातल्या लग्नाला तो जाणार नाही.

स्खेल्डेकाठ

एक राहिलं. सिनेमात भारतीय व्यापारी आहे आणि ते काम रघुनाथ मानेत यांनी केलंय, पाँडिचेरीचे भरतनाट्यम नर्तक आणि वीणावादक. ते पात्र पाहुणं म्हणून घातलेलं नाही. १९६० च्या दशकापासून पालनपूरची कुटुंबं इथे यायला लागली, ती बारीक, हलक्या प्रतीचा कच्चा माल उचलायची, जो इथल्या कारागिरांना परवडत नव्हता. तो सुरत-नवसारीला जायचा आणि पैलू पाडून परत यायचा. हळूहळू सगळंच तिकडे गेलं. अँटवर्पच्या पूर्वेला केम्पन म्हणून भाग आहे. तिथे नेइलेन, ग्रोबेन्डोंक या गावांत पूर्वी घरोघरी, अंगणातल्या खोपटात हिरे घासायची चाकं होती. आज ते संग्रहालयात बघायला मिळतं. जगातले दहातले नऊ हिरे आता भारतात घासले जातात. म्हणजे सिनेमातलं उल्मान घराणं ज्या कारागिरीचा अभिमान सांगतं ती त्यांच्या डोळ्यांदेखत ओसरत चाललीय, आणि अशा वेळी एका पोराच्या हातात ती पुन्हा दिसते. काका त्याला जवळ का करतो, याचं एक कारण मला तेही वाटतं.

गोंदण_दहिसर

मी फारसं लिहीत नाही इथे. पण हा विषय माझ्या घरातला आहे.

अंधेरीच्या सीप्झ या निर्यात क्षेत्रात अकरा वर्षं असॉर्टिंगला होते. म्हणजे पांढऱ्या कागदावर बारीक हिऱ्यांचा ढीग, हातात चिमटा, डोळ्याला दहा पट मोठं दाखवणारी लूप, आणि दिवसभर रंग, स्वच्छता, आकार बघून वेगळं करायचं. आधी चाळण्यांनी आकार पाडायचे, मग नजरेनं. बाहेर पडताना झडती, वजन, एक नग कमी आला तर सगळ्यांनी बसून राहायचं. फरशीचा केरसुद्धा फेकत नसत.

सिनेमाचं इंग्रजी नाव 'डार्क इन्क्लूजन' आहे, ते मला मूळ नावापेक्षा जास्त पटलं. इन्क्लूजन म्हणजे हिऱ्याच्या आतला डाग. हिरा जमिनीखाली तयार होतानाच तो आत अडकलेला असतो, बाहेरून लागलेला नसतो, त्यामुळे पुसून जात नाही. घासणाऱ्याचं खरं कौशल्य तिथे आहे. काळा ठिपका कडेला, कंबरेच्या जवळ पाडता आला तर अंगठीच्या नख्यांखाली झाकतो. पण तो मधोमध खाली राहिला तर खालचे पैलू आरशासारखे काम करतात आणि एकाच ठिपक्याचे वरून सहा-आठ ठिपके दिसतात. लूपमधून पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी घाबरले होते, म्हटलं हा दगड पूर्ण सडलाय. बाजूच्या ताईंनी दगड आडवा धरायला लावला. ठिपका एकच होता.

माझे पप्पा दहिसरला हिऱ्याच्या कारखान्यात घासायला होते, सत्तावीस वर्षं. एका घंटीभोवती चौघं बसायचे. घंटी म्हणजे लोखंडाची गोल तबकडी, तिच्यावर तेलात कालवलेली हिऱ्याची पूड, कारण हिऱ्याला हिराच कापतो. तोही सगळ्या बाजूंनी कापत नाही, लाकडासारखी त्याला रेघ असते. रेघ चुकली की दगड घासला जात नाही, नुसता किंचाळतो. पप्पा आवाजावरून सांगायचे की बाजूच्याचा हात चुकलाय. पैसे नगावर. दगड तुटला तर पगारातून.

एकदा त्यांच्या कारखान्यात एकाची बोटं पट्ट्यात गेली. मी तेव्हा सातवीत होते. पप्पा घरी आले आणि काहीच न बोलता हात धुवत बसले.

निळीपाटी

गोंदण ताई, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. ठिपका एकच होता, हे वाक्य मी आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, बाबांचं दुकान गेलं ते साल सत्याऐंशी. त्यानंतर त्यांनी दुसरा धंदा उभा केला, तुम्हाला दोघांना शिकवलं, घर बांधलं, पण सांगायचे ते सत्याऐंशीचंच. कागद कपाटात आहेत म्हणाली. मी कधी मागितले नव्हते. काल काढून बसले. त्यात बाबांची सही आहे, आणि काकांनी दिलेल्या रकमेची पावती आहे. रक्कम कमी आहे, अन्याय आहेच. पण 'काहीच दिलं नाही' हे जे आम्ही ऐकत आलो, ते तसं नाही.

मला काकांशी काय बोलायचं ते अजून कळत नाहीये. पण काल रात्री बाबा गेल्यापासून पहिल्यांदा नीट रडले, आणि दुकान मधे आलं नाही.

उंबरठा, निरोप पोचवेपर्यंत रडायची मुभा नाही, हे तुम्ही माझ्याबद्दलच लिहिलंत असं वाटलं.

हातमाग

निळीपाटी, घाई करू नका. कागद जपून ठेवा आणि आईंना एकटीला ते वाचत बसू देऊ नका.

गोंदण ताई, तुमच्या पप्पांना हा सिनेमा दाखवला का?

गोंदण_दहिसर

दाखवला, रविवारी. भाषा कळत नव्हती, मी शेजारी बसून सांगत होते. आता ते अडुसष्ट वर्षांचे आहेत. रेशनच्या दुकानात त्यांचा अंगठा यंत्रावर उठत नाही, बोटांच्या टोकांच्या रेषा गेल्यात. मग मला नाही तर भावाला जावं लागतं.

पियेर जुन्या कारागिराकडे घासायला शिकतो तिथे ते पुढे सरकून बसले. 'मान बरोबर ठेवलीय' म्हणाले. त्या पोराची लूप धरायची पद्धत त्यांना पटली नाही, ते त्यांनी हातानं करून दाखवलं, चष्म्याची काडी धरून.

सुरुवातीला हात यंत्रात जातो तो प्रसंग मी पुढे ढकलणार होते, त्यांनी ढकलू दिला नाही. बघितला. रक्ताबद्दल काही बोलले नाहीत. बराच वेळ झाल्यावर, पियेर पेढीवर पोचून काकाला भेटतो तिथे, त्यांनी मला थांबवायला सांगितलं आणि विचारलं, "हे सगळं खरं, पण त्या दिवशी त्याला दवाखान्यात कोणी नेलं? भावानं नेलं का?"

मी म्हटलं, तेवढं दाखवलं नाही.

"मग दुसऱ्यांदा लाव," म्हणाले. "कुठेतरी असेल."